४३२४४ की ४३२५५? बँडिंग आणि रक्तस्राव थांबवणे यांतील गल्लत

अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांवर, म्हणजे व्हेरिसेसवर, दुर्बिणीतून केलेल्या उपचाराचे कोडिंग, म्हणजे बिलासाठी त्या उपचाराला ठरलेला संकेतांक देणे, अवघड नाही. तरीही पुणे-नवी मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांचे क्लेम, म्हणजे विम्यासाठीची बिले, कोड करणाऱ्यांच्या कामात एकच गल्लत पुन्हा पुन्हा आढळते. रक्त दिसले की ४३२५५ (रक्तस्राव थांबवणे), बँड (शिरेभोवती आवळायचे रबरी कडे) दिसला की ४३२४४ (व्हेरिसेसना बँड लावणे) आणि दोन्ही दिसले की दोन्ही, अशा ठोकताळ्याने कोड लावले जातात. हा ठोकताळा मुळातच चुकीचा आहे, कारण कोड ना रक्तावरून ठरतो ना बँडवरून. उपचार कोणत्या विकृतीवर झाला, यावरून तो ठरतो.

बाकीचे भेद थोडक्यात. अन्ननलिका, जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) पाहून व्हेरिसेसना बँड लावले तर ४३२४४, शिरा कडक करणारे औषध टोचले तर ४३२४३. तपासणी अन्ननलिकेपुरतीच असेल तर अनुक्रमे ४३२०५ आणि ४३२०४, आणि त्या गटात रक्तस्राव थांबवण्याचा कोड ४३२२७. ड्युओडेनम मुद्दाम पाहिले नाही किंवा अडचणीमुळे पाहता आले नाही, तर पुन्हा तपासणी ठरलेली नसताना मॉडिफायर (कोडला जोडायचा पूरक संकेत) ५२ आणि ठरलेली असताना ५३. बँड दोन लावले काय किंवा सात, ४३२४४ एकदाच येतो. एवढे बहुतेकांना पाठ असते.

खरी अडचण ४३२५५ च्या वर्णनात आहे. ‘रक्तस्राव थांबवणे, कोणत्याही पद्धतीने’ हे शब्द वाचून कोडर असा विचार करतो, की बँड ही एक पद्धत आहे, व्हेरिक्समधून (व्हेरिसेसपैकी एका शिरेतून) रक्त वाहत होते आणि बँड लावल्यावर ते थांबले, म्हणून ४३२४४ च्या जोडीला ४३२५५ ही देता येईल. तसे देता येत नाही. वाहत्या व्हेरिक्सला बँड लावताना रक्त थांबवणे हे त्या बँडिंगचेच काम आहे आणि ते ४३२४४ मध्ये धरलेले आहे. एकाच विकृतीसाठी दोन्ही कोड लावणे म्हणजे एका कामाचे पैसे दोनदा मागणे. याच्या उलट बाजूही तितकीच पक्की आहे. जठरातील ड्युलाफॉय विकृतीतून, म्हणजे आवरणालगतच्या असामान्य मोठ्या धमनीतून, रक्त येत होते आणि डॉक्टरांनी तिला बँड लावला, तर कोड ४३२५५ च, कारण तेथे व्हेरिक्स नाही. व्हेरिसेसव्यतिरिक्त इतर रक्तस्राव बँडने थांबवला असल्यास ४३२५५ वापरावा, अशी स्पष्ट टीप सीपीटीमध्ये, म्हणजे अमेरिकेतील उपचारांच्या कोडच्या पुस्तकात, ४३२४४ च्या खाली छापलेली आहे. ती टीप न वाचता केवळ कोडचे वर्णन पाहून काम उरकणे मला मुळीच मान्य नाही.

दोन्ही कोड एकत्र योग्य ठरतात ते विकृती दोन असतील तेव्हा. समजा, डॉक्टरांच्या नोटमध्ये असे लिहिले आहे: अन्ननलिकेच्या खालच्या भागात तिसऱ्या श्रेणीचे व्हेरिसेस, जठराच्या तोंडापासून वर सरकत पाच बँड लावले, ड्युओडेनममध्ये वाहता अल्सर, त्यात एपिनेफ्रिन (रक्तवाहिन्या आकसवणारे औषध) टोचून दोन क्लिप लावल्या. येथे ४३२४४, आणि अल्सरसाठी ४३२५५ ला मॉडिफायर ५९, म्हणजे हा उपचार वेगळा होता हे सांगणारा संकेत. एपिनेफ्रिनसाठी ४३२३६ (आवरणाखाली इंजेक्शन देण्याचा कोड) वेगळा लावायचा नाही, कारण ते इंजेक्शन त्याच अल्सरच्या उपचाराचा भाग आहे. मात्र बँड लावतानाच शीर फाटून रक्त आले आणि तेथेच थांबवले, तर त्यासाठी ४३२५५ मिळत नाही. उपचारामुळे झालेला रक्तस्राव त्याच बैठकीत थांबवणे हे मूळ उपचारातच मोडते.

मग व्हेरिक्समधून रक्त वाहत होते, ही माहिती क्लेममध्ये सांगायची कुठे? निदानाच्या कोडमध्ये. प्रतिबंधक म्हणून केलेले बँडिंग आणि रक्ताच्या उलट्या होत असलेल्या रुग्णाचे तातडीचे बँडिंग या दोन्हींना उपचाराचा कोड ४३२४४ हाच लागतो; फरक दिसतो तो आय ८५.१० (रक्तस्राव नाही) आणि आय ८५.११ (रक्तस्राव आहे) यांत. हे दोन कोड दुय्यम, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे झालेल्या, व्हेरिसेसचे आहेत आणि त्यांच्याआधी मूळ आजाराचा कोड लिहावाच लागतो: यकृताचा सिरॉसिस असेल तर के ७४.६०, तो दारूमुळे झालेला असेल आणि जलोदर नसेल तर के ७०.३०. रुग्ण रक्ताच्या उलटीसाठी आला म्हणून आय ८५.११ वर आणि सिरॉसिस खाली, असा क्रम लावलेला दिसतो. तो चूक आहे. सिरॉसिसची नोंद समोर असताना आय ८५.०१ लावणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण तो कोड दुय्यम नसलेल्या व्हेरिसेसचा आहे.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट वारंवार बिघडते. नोटमध्ये ‘रेड वेल मार्क’ असे शब्द दिसले की काही जण सरळ आय ८५.११ लावतात. फुगलेल्या शिरेवरच्या त्या लाल रेघा पुढे रक्तस्राव होण्याचा धोका दाखवतात. रक्तस्राव झाला असे त्या सांगत नाहीत. व्हेरिक्सवरच्या पांढऱ्या गुठळीचा उल्लेख असला, तरी तेथूनच रक्त आले हे डॉक्टरांनी लिहिलेले हवे. तसे लिहिलेले नसेल तर अंदाज न बांधता डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी, आणि तीत तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात: रक्ताचा उगम कोठे होता, बँड कशावर लावले, आणि व्हेरिसेसखेरीज दुसऱ्या कोणत्या विकृतीवर उपचार झाला का. ‘कृपया रक्तस्रावाबाबत स्पष्ट करावे’ अशा मोघम क्वेरीला डॉक्टरही मोघमच उत्तर देतात, आणि ४३२५५ लावावा की नाही हा प्रश्न तसाच राहतो.