‘रीळ कापलं का?’ : न उलगडणारा सिनेमा आणि खानदेशातला प्रेक्षक

जळगाव-धुळ्याकडच्या थिएटरात स्वप्नासारखा तुटक चालणारा, शेवट न सांगणारा चित्रपट लागला की पब्लिक फुटतं. काही जण मध्यंतरातच गाडी काढतात, काही जण दिवे लागल्यावरही खुर्ची सोडत नाहीत. ‘काहीच समजनं नही भो’ आणि ‘परत पाहावा लागेल’ ही दोन्ही वाक्यं एकाच रांगेतून ऐकू येतात. ‘आपल्याकडच्या लोकांना कळत नाही’ असं म्हणून विषय मिटवायची पद्धत आहे. ती आळशी आहे आणि इतिहासालाही धरून नाही. प्रेक्षक फुटतो तो मुख्यतः दोन गोष्टींवरून : तिकीट काढताना त्याला काय कबूल केलेलं असतं, आणि पडद्यावरून त्याच्यापर्यंत प्रत्यक्षात काय पोहोचतं.

सुरुवात पॅरिसची. १९२९ मध्ये दिग्दर्शक लुई बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली यांचा ‘अँ शियाँ आंदालू’ तिथे दाखवला गेला. गोष्ट नाही, काळाचा हिशेब नाही, आणि सुरुवातीलाच वस्तऱ्याने डोळा चिरण्याचं दृश्य. लोक अंगावर येतील म्हणून आपण खिशात दगड भरून पडद्यामागे उभे होतो, असं बुन्युएलने पुढे सांगितलं. टाळ्या पडल्यामुळे दगडांची गरज लागली नाही. प्रेक्षक निवडक होता आणि आपण काय पाहायला आलो आहोत हे त्याला माहीत होतं. पुढच्याच वर्षी बुन्युएलच्याच ‘लाज दोर’च्या वेळी उलटं झालं. डिसेंबर १९३० मध्ये उजव्या गटांच्या लोकांनी पडद्यावर शाई फेकली, बाहेर लावलेली चित्रं फाडली आणि आठवड्याभरात बंदी आली. दिग्दर्शक तोच, शहर तेच, बसलेली माणसं मात्र वेगळी.

१९६० चा कान महोत्सव तर जाणकारांनी भरलेला. मिकेलांजेलो अँतोनिओनी यांच्या ‘लाव्हेंतुरा’त एक तरुणी बेटावर नाहीशी होते आणि ती सापडतही नाही, शोधही हळूहळू विरून जातो. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. लांबत चाललेल्या दृश्यांना ‘कट, कट’ असे ओरडे पडले. त्यानंतर समीक्षक आणि दिग्दर्शकांनी सही करून बाजू घेतली आणि त्याच महोत्सवात चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं. १९६८ मध्ये स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’च्या पहिल्या खेळांतून लोक उठून गेले. त्यानंतर क्युब्रिकने स्वतःच १९ मिनिटं कापली.

कानमधला प्रेक्षक ‘कापा’ म्हणून ओरडत होता. खानदेशातली ओरड नेमकी उलटी होती : ‘रीळ कापलं का रे?’ या ओरडण्याला भक्कम कारण होतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय इथल्या प्रतिक्रियांचा इतिहास नीट लागत नाही.

३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. अडीच तासांचा चित्रपट साडेतेरा हजार फुटांचा, म्हणजे हजार फुटांची चौदा रिळं. पक्क्या टॉकीजमध्ये दोन मशीन असत. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिला ठिपका दिसला की ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करी आणि सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की अदलाबदल करी. डुलकी लागली की पांढरा पडदा. जत्रेतल्या तंबूत बहुधा एकच मशीन, म्हणून रीळ संपलं की खेळ थांबे. पेटीतली रिळं चुकीच्या क्रमाने चढली तर मेलेला माणूस पुढच्या रिळात उठून गाणं म्हणे.

खानदेश चित्रपट-वितरणाच्या नकाशात सी.पी. बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटमध्ये, म्हणजे त्या वितरण-विभागात मोडायचा आणि भुसावळ हे त्या व्यवसायाचं एक मोठं ठाणं होतं. प्रिंट आधी मोठ्या केंद्रांवर चाले, मग तालुक्यांना, शेवटी तंबूंना. दर वेळी फिल्म तुटली की तुटक्या कडा कापून जोड मारायचा. प्रत्येक जोडात काही चौकटी जात. हे रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला जास्त, कारण तिथेच फिल्म हाताळली जाते. म्हणजे तालुक्याला पोहोचेपर्यंत दृश्यं जोडणारे नेमके सांधे झिजलेले असत. त्यात दिवसाला चार खेळ बसवायचे म्हणून मालक एखादं गाणं किंवा एखादा प्रसंग काढून ठेवी. त्यामुळे कथेत खड्डा दिसला की ‘हे दिग्दर्शकाने मुद्दाम केलंय’ असा विचार करायला इथल्या प्रेक्षकाला कधी कारणच मिळालं नाही. दोष ऑपरेटरच्या केबिनमध्ये असतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता आणि बहुतेक वेळा खराही होता.

याच काळात मुद्दाम खड्डे ठेवणारे हिंदी चित्रपट बनू लागले होते, पण ते या सर्किटपर्यंत फारसे आलेच नाहीत. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ १९६० मध्ये सुरू झालं आणि त्या दशकाच्या अखेरीपासून त्याच्या कर्जावर मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’, कुमार शहानी यांचा ‘माया दर्पण’ असे चित्रपट झाले. त्यांना वितरक मिळेनात. टीका फक्त बाजारातून झाली असंही नाही. सत्यजित राय यांनीच सत्तरच्या दशकात कौल आणि शहानी यांच्या चित्रपटांवर सडेतोड लिहिलं होतं. रायांना जे मानवलं नाही ते शिरपूरच्या प्रेक्षकाला आवडायलाच हवं, हा हट्ट कशासाठी?

मोठ्या शहरांबाहेर असे चित्रपट पोहोचण्याची वाट होती फिल्म सोसायटीची, म्हणजे सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या मंडळांची. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज स्थापन झालं, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं आणि तिथल्या प्रिंट सोसायट्यांना दाखवायला मिळू लागल्या. १६ मिमीचं मशीन, कॉलेजचा हॉल, खिडक्यांना सतरंज्या. पुढे दूरदर्शनवर रविवारी दुपारी उपशीर्षकांसह प्रादेशिक चित्रपट दिसू लागले. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला घरात पाहुण्यांची वर्दळ असताना पडद्यावर चार मिनिटं कोणी बोलत नाही, म्हणजे टीव्ही बिघडला असं समजून उठून अँटेना फिरवणारे काही कमी नव्हते.

कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ या सगळ्या प्रकाराचा नमुना मानावा. एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) पैशांवर १९८८ मध्ये झालेला, अजमेर-पुष्करच्या मातीतला, बेडूक, ज्योतिष आणि जाहिरातींची भाषा यांची खिचडी करणारा चित्रपट. थिएटरात यायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात तो घासलेल्या कॅसेटी आणि कॉपी केलेल्या डिस्कमधून फिरला. तोवर त्याची ख्याती इतकी झाली होती की २०१४ चा प्रेक्षक ‘समजणार नाही’ हे गृहीत धरूनच आत गेला. त्यामुळे कळलं नाही अशी तक्रार कमी आणि हसू जास्त.

उलट उदाहरण २००७ मधलं. अनुराग कश्यप यांच्या ‘नो स्मोकिंग’मध्ये जॉन अब्राहम होता, गाणी होती, पोस्टर एखाद्या थरारपटाचं वाटावं असं होतं. नेहमीच्या हिंदी चित्रपटाचं तिकीट काढून आलेला माणूस सिगारेट सोडवणाऱ्या बाबाच्या तळघरात शिरला आणि बाहेर यायचा रस्ता दिग्दर्शकाने दाखवलाच नाही. चित्रपट आपटला. तोच पुढे टीव्ही आणि मोबाइलवर पाहून त्यावर जीव टाकणारे बरेच निघाले. चित्रपट बदलला नव्हता, आधी कबूल केलेलं बदललं होतं.

एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो : खानदेश-बागलाणात भोवाडा आहे, रात्रभर संबळाच्या तालावर मुखवटे घातलेली सोंगं एकामागून एक येतात, सलग कथानक नसतं, तरी गाव पहाटेपर्यंत बसतं, मग आपल्या माणसाला असा सिनेमा जड का जावा? युक्तिवाद अर्धाच खरा आहे. भोवाड्यात पुढचं सोंग कुणाचं हे लहान पोरालाही माहीत असतं, गणपती कधी आणि देवी कधी याचा क्रम ठरलेला असतो. तिथे तुटकपणा आहे, संदिग्धता नाही. पण प्रसंगांची साखळी नसली तरी लोक बसतात एवढं त्यातून नक्की दिसतं, आणि तेही कमी नाही.

रिळं गेली तरी केबिनचे दोष गेले नाहीत. डिजिटल खेळात आवाजाची ठरलेली पातळी प्रोसेसरवर, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या यंत्रावर, ७ आकड्याला धरलेली असते. जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात म्हणून बरीच थिएटर ती ५ च्या आसपास ठेवतात; आवाज सुमारे सात डेसिबलने उतरतो. मारधाडीच्या चित्रपटाचं फार बिघडत नाही. पण पावलं, दूरचा पंप, शेजारच्या खोलीतली कुजबुज यांवर उभ्या असलेल्या चित्रपटाचा अर्धा अर्थ तिथेच गळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि पंखे पूर्ण वेगात असले की उरलेलाही जातो. (त्या दिवसांत दुपारच्या खेळाला बरेच लोक गारव्यासाठी येतात, हेही प्रतिक्रिया मोजताना ध्यानात धरावं.) पडद्यावरच्या उजेडाची ठरलेली पातळी १४ फूट-लॅम्बर्ट (उजेड मोजायचं एकक). दिवा जुना झाला की ती उतरते आणि अंधाऱ्या दृश्यातला दारामागचा माणूस दिसतच नाही. मध्यंतराचं तर विचारूच नका. मूळ चित्रपटात ते नसलं की साधारण निम्म्यावर टाकलं जातं, मग तिथे स्वप्न चालू असो की जाग.

आकड्यांवर भिस्त ठेवण्यातही धोका आहे. पाच जणांनी दहापैकी ९ दिले आणि पाच जणांनी २, तर सरासरी ५.५ येते; तेवढे गुण कुणीच दिलेले नसतात. अमेरिकेत पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकाला थिएटराबाहेर श्रेणी विचारणाऱ्या सिनेमास्कोरने २०१७ मध्ये डॅरेन अॅरोनॉफ्स्की यांच्या ‘मदर!’ला थेट ‘एफ’ दिली. तो भयपट म्हणून विकला गेला होता. ती श्रेणी चित्रपटाइतकीच जाहिरातीचीही आहे.

डेव्हिड लिंच यांनी ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ या आपल्या स्वप्नासारख्या चित्रपटाच्या डीव्हीडीत प्रकरणांचे टप्पेच ठेवले नव्हते, कुणी पुढे-मागे उड्या मारू नयेत म्हणून. आता तोच चित्रपट मोबाइलवर तुकड्यांत पाहिला जातो आणि शेवट समजावणारा हिंदी व्हिडिओ कधीकधी चित्रपटाच्या आधीच पाहून होतो. ‘रीळ कापलं का’ची जागा ‘याचा अर्थ एवढाच ना?’ने घेतली आहे.

कॉलेज किंवा वाचनालयात असा चित्रपट दाखवणाऱ्यांनी पोस्टरवर लांबी, भाषा, उपशीर्षकांची भाषा आणि ‘शेवट उघडा आहे’ एवढं स्पष्ट लिहावं. उपशीर्षकं शेवटच्या रांगेत बसून वाचून पाहावीत. संपल्यावर लगेच माइक फिरवू नये. पहिला बोलणारा ज्या बाजूचा, त्या बाजूला हॉल झुकतो. आधी चिठ्ठ्या द्याव्यात, त्यावर दोनच प्रश्न : काय समजून आला होतात, आणि नेमकी कुठे वाट हरवली? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं विखुरलेली असतील तर तो चित्रपटाचा स्वभाव आहे. सगळ्यांची वाट एकाच मिनिटाला हरवली असेल तर त्या मिनिटाला आवाज, उजेड आणि मध्यंतर यांत काय झालं होतं ते आधी तपासावं.