फोर बाय फोर घेऊन लांबच्या ट्रिपला निघताय? टायर घ्यायच्या आधी हे वाचा

टायर बदलायला येणारे बहुतेक जण आधी नक्षी बघतात. मोठमोठे ठोकळे, खांद्यावर दातेरी कडा, गाडी एकदम दणकट दिसते, मग लगेच "हेच बसवा". आम्ही टायर विकतो तरी आमचं म्हणणं असं की जरा थांबा, आधी तुमची गाडी कुठे कुठे जाते, आत माणसं किती, टपावर काय काय बांधता ते बोलू, नक्षीचं नंतर बघू. कारण टूरिंगमध्ये एकाच ट्रिपला डांबरी रस्ता, खडी, मुरूम, थोडी वाळू, एखादा ओढा असं सगळंच लागतं, त्यातला मोठा भाग डांबरीच असतो, आणि टायर मात्र सगळीकडे तेच.

एचटी, एटी की एमटी

एचटी म्हणजे हायवे टेरेन. नवीन गाडीला कंपनीतून बऱ्याचदा हेच येतात. शांत चालतात, पावसात ब्रेक छान लागतो, अ‍ॅव्हरेज चांगलं देतात. खडीचा बरा रस्ता असेल तर हेही चालून जातात, पण चिखलात यांची नक्षी दोन फेऱ्यांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो, आणि धारदार दगडांपुढे यांची बाजू तग धरत नाही.

एमटी म्हणजे मड टेरेन. ठोकळ्यांमध्ये रुंद मोकळी जागा असते म्हणून चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेरीला ठोकळा परत मोकळा मिळतो, खोल चिखलात याला तोड नाही हे मान्यच. पण तीच मोकळी जागा डांबरावर नडते, रस्त्याला टेकणारं रबर कमी, त्यामुळे ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, दिवसभर घूं घूं आवाज चालू राहतो आणि टायर झिजेल तसा तो वाढतो, शिवाय टायर जड म्हणून पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही पडतं.

एटी म्हणजे ऑल टेरेन, या दोघांच्या मधला. ठोकळे मोठे पण जवळ जवळ, आणि प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा, ज्यांना साइप म्हणतात. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती बरीचशी या चिरांच्या कडांमुळे, म्हणून टायर हातात आला की त्या किती खोल गेल्यात ते बघा, काही टायरांत त्या वरवर असतात आणि टायर अर्धा झिजायच्या आतच नाहीशा होतात. हल्ली आरटी म्हणजे रग्ड टेरेन असाही प्रकार मिळतो, तो एटी आणि एमटीच्या मधे बसतो.

आमचं मत स्पष्ट आहे. फॅमिली घेऊन लांब फिरणाऱ्या बहुतेकांनी चांगला एटी घ्यावा. ज्यांचा रस्ता खरोखरच चिखलाचा आहे, वरचेवर, खोल, त्यांनीच एमटी घ्यावा. वर्षातून एकदा लागणाऱ्या चिखलासाठी वर्षभर ओल्या डांबरावर कमी ब्रेक घेऊन फिरणं आम्हाला पटत नाही. आणि बर्फात जाणार असाल तर बाजूवर तीन शिखरांत हिमकण असं चिन्ह आहे का ते बघा, ते बर्फावर टेस्ट झालेल्या टायरलाच मिळतं. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल तर ते नक्षीच्या रचनेवरून कंपनीने दिलेलं असतं, त्यावर बर्फाचा भरवसा ठेवू नका.

टायर बहुतेक वेळा बाजूने जातो

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याबद्दल कुणी विचारत नाही. आमच्याकडे ट्रिपवरून परत आलेले जे टायर भंगारात जातात त्यातल्या कित्येकांची नक्षी नव्यासारखी असते. ठोकळे खोल, कडा शाबूत, आणि साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, अंगठ्याएवढा काप. बोटांनी तो काप जरा फाकवला की आत तुटलेले धागे दिसतात. नक्षीच्या भागात खिळा घुसला तर प्लग मारून, आतून पॅच लावून टायर पुन्हा चालतो, पण साईडवॉलवर ती दुरुस्ती चालत नाही, कारण तो भाग प्रत्येक फेरीला वाकतो आणि सरळ होतो, तिथे पॅच टिकत नाही. म्हणजे एका दगडाने अख्खा टायर गेला.

म्हणून टायर घेताना साईडवॉल किती प्लायची, म्हणजे आत धाग्यांचे किती थर असलेली, आहे ते विचारा. एटीमध्ये साधारण दोन प्लाय असते, काही टायरांत तीन. दगडाळ वाटांवर जाणार असाल तर तीन प्लाय घ्या, नक्षी थोडी साधी असली तरी चालेल.

दुसरं म्हणजे साइझच्या आधी एलटी लिहिलंय का ते बघा. एलटी म्हणजे लाइट ट्रकसाठी बनवलेला, बांधणीतच मजबूत टायर. त्यावर लोड रेंज सी, डी किंवा ई असते, म्हणजे ६, ८ आणि १० प्लाय रेटिंग. आत खरंच दहा थर असतात असं नाही, जुन्या सुती प्लायच्या हिशोबाने ताकद सांगायची ती पद्धत आहे. एलटी टायर कापला कमी जातो, वजन जास्त पेलतो, पण जड असतो, रिकाम्या गाडीत कडक लागतो आणि त्याला हवाही जास्त लागते. दारावरच्या स्टिकरवरचा हवेचा आकडा गाडीच्या कंपनीच्या मूळ टायरसाठी असतो, तेवढ्याच हवेत एलटी टायर तितकं वजन पेलत नाही, म्हणून एलटी बसवला की हवेचा आकडा टायर कंपनीच्या लोडच्या तक्त्यावरून काढायचा.

वजनाचा हिशोब

टायरवर २६५/६५ आर १७ ११२ एस असं काहीतरी लिहिलेलं असतं. २६५ म्हणजे रुंदी मिमीमध्ये, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १७ म्हणजे रिम इंचात, ११२ हा लोड इंडेक्स म्हणजे एक टायर ११२० किलो पेलतो, आणि एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत. एलटीवर १२१/११८ असे दोन आकडे दिसतील, त्यातला पहिला आपला, १२१ म्हणजे १४५० किलो. दुसरा एका बाजूला जोडचाकं असतील तर लागतो.

कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी लोड इंडेक्सचा टायर आम्ही बसवत नाही, कितीही आग्रह केलात तरी. टूरिंगच्या गाडीत वजन नकळत वाढत जातं, ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, टपावर तंबू, पुढे बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), मागे फ्रिज, जादा डिझेल, आणि यातलं बरंचसं मागच्या अ‍ॅक्सलवर. एकदा पूर्ण सामान भरून, माणसं बसवून गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलून घ्या. तो कागद हातात असला की टायर निवडणं एकदम सोपं होतं.

साइझ वाढवायचा असेल तर

२६५/६५ आर १७ च्या जागी २६५/७० आर १७ घातला तर टायरचा व्यास ७७६ मिमीवरून ८०३ मिमी होतो. ग्राउंड क्लिअरन्स वाढतो फक्त १३ मिमी, कारण अर्धीच वाढ अ‍ॅक्सलच्या खाली येते. आणि टायर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मोठा झाला म्हणून स्पीडोमीटर आधीपेक्षा तेवढं कमी दाखवतो, मूळ टायरवर काटा बरोबर असेल तर तो १०० वर असताना गाडी १०३ च्या वर पळत असते. गिअरिंग थोडं लांब होतं, चढावर जाणवतं. एवढी वाढ बऱ्याच गाड्यांना पचते, त्यापुढे गेलात की आतलं प्लास्टिक घासणं, ब्रेकवर ताण असे प्रश्न सुरू होतात, आणि किती बदल चालतो याचे नियमही असतात, ते आधी बघून घ्या.

याच्यापेक्षा आम्ही लोकांना रिमबद्दल सांगतो. २६५/५० आर २० आणि २६५/६५ आर १७ या दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, पण २० इंची रिमवर रबराची बाजू १३२ मिमी उरते आणि १७ वर १७२ मिमी. हे ४ सेंटीमीटर म्हणजे दगड आणि रिम यांच्या मधली गादी. हवा कमी करायला जागा तिथेच मिळते, खड्ड्यात रिम वाकत नाही ती त्यामुळेच. ब्रेकवर बसत असेल तर लहान रिम घ्या, दिसायला भारी नसेल पण वाटेत अडकून पडायचे चान्स खूप कमी होतात.

रुंदीच्या मागे फार लागू नका. वाळूसाठी रुंदच टायर पाहिजे असं सगळे म्हणतात पण हवा कमी केल्यावर टायरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो, आणि वाळूवर गाडी तरंगते ती त्या लांब ठशामुळे. ३५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणि १८ पीएसआयला ओल्या वाळूवर ठसा उमटवून दोन्ही शेजारी शेजारी बघा, फरक डोळ्याला दिसतो.

हवा

महागातला टायर आणि चुकीची हवा यापेक्षा साधा टायर आणि बरोबर हवा कधीही बरी. सुरुवातीसाठी आकडे असे धरा, खडीच्या रस्त्याला २५ ते २८ पीएसआय, दगडांत २० ते २५, चिखलात २० च्या आसपास, मऊ वाळूत १५ ते १८. गाडी जड असेल किंवा एलटी टायर असेल तर थोडं वरचं धरा. हवा कमी असताना वेगही कमीच पाहिजे, १८ ला ताशी ३०-४० च्या वर जाऊ नका आणि झटक्यात स्टिअरिंग फिरवू नका, टायर रिमवरून निसटतो. आणि डांबरी लागायच्या आधी परत हवा भरायची, नंतर भरू म्हणून तसंच पळवलं तर बाजू तापते आणि टायर फुटतो.

आपला आकडा बरोबर आहे का हे तपासायची एक जुनी पद्धत आहे. सकाळी टायर थंड असताना हवा मोजा, तासभर चालवून परत मोजा. साधारण ४ पीएसआय वाढली तर ठीक. जास्त वाढली म्हणजे सुरुवातीला हवा कमी होती, टायर जास्त वाकून तापला. कमी वाढली म्हणजे हवा जास्त होती. एलटी टायरला ४ ऐवजी ६ धरतात. तापलेल्या टायरमधून हवा काढून आकडा जुळवू नका, सुधारणा दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर करा. उंच डोंगराळ भागात बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो म्हणून गेज दर ३०० मीटरला साधारण अर्धा पीएसआय जास्त दाखवतं, पण थंडीने तो परत उतरतो, तेव्हा वर पोचल्यावर एकदा मोजाच.

चांगलं गेज, कॉम्प्रेसर, प्लग किट. हे तीन गाडीत नसतील तर ऑफ रोडला जाऊ नका.

चार नाही, पाच

पाचही टायर एकाच साइझचे, एकाच मॉडेलचे घ्या. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र लॉक होतो, टायरांचा घेर वेगळा असेल तर तो फरक ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) आणि शाफ्टवर ताण बनून येतो. मागे नवीन आणि पुढे अर्धे झिजलेले हेही त्यातच आलं. स्टेपनी जुन्या साइझची ठेवली असेल तर नेमकी दगडाळ वाटेवर अडचण होते. दर ८ ते १० हजार किमीला स्टेपनीसकट पाचही टायर फिरवून घ्या, सगळे सारखे झिजतात.

घेताना बाजूवरचा तारखेचा कोडही वाचा, शेवटचे चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३ वा आठवडा. पाच वर्षं झाली की नक्षी कितीही असली तरी टायर दरवर्षी दाखवून घ्या, रबर कडक होतं आणि ठोकळ्यांच्या बुडाशी भेगा पडतात.

बसवताना

येताना दारावरच्या स्टिकरचा फोटो, वजनकाट्याचा कागद असेल तर तो, आणि शेवटच्या दोन-तीन ट्रिपा कुठल्या रस्त्यांवर झाल्या ते सांगायची तयारी ठेवून या. साइझ वाढवत असाल तर शक्यतो गाडी सामानासकट आणा, कारण रिकाम्या गाडीत कुठेच न घासणारा टायर भरल्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतलं की घासतो, ते आम्हाला इथेच बघायचं असतं. बसवून झाल्यावर ५० ते १०० किमी चालवा आणि परत या, नट आम्ही टॉर्क पान्याने पुन्हा तपासून देतो.