खुब्याचं इम्प्लांट: सच्छिद्र थर वेगळा, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा थर वेगळा

सिमेंट न वापरता खुबा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडात ठोकून बसवलेला धातूचा दांडा पुढची वीसेक वर्षं हाडानंच धरून ठेवायचा असतो. त्यासाठी दांड्यावर थर देतात. मात्र ‘कोटिंगवालं इम्प्लांट’ म्हणताना दोन निराळ्या थरांची सर्रास गल्लत होते.

सच्छिद्र थर धातूचाच असतो. टायटॅनियमचे किंवा कोबाल्ट-क्रोमचे बारीक मणी, नाहीतर तारेची जाळी, भट्टीत तापवून दांड्याला जोडतात. मधली छिद्रं साधारण 100 ते 400 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांत आधी रक्तवाहिन्या शिरतात, मग हाड, आणि दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. धातू इथे नुसती जागा देतो, हाडाला घाई करत नाही.

हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, म्हणजे एचए, हे कॅल्शियम फॉस्फेट आहे, आपल्या हाडातल्या खनिजाच्याच जातीचं. प्लाझ्मा स्प्रेनं, म्हणजे अतितप्त झोतातून फवारून, त्याचा बहुधा 50 ते 150 मायक्रॉनचा थर चढवतात. तो किंचित विरघळतो, आसपास कॅल्शियम आणि फॉस्फेट वाढतं, आणि नवं हाड थेट त्याच्यावरच धरू लागतं. हाड आणि दांडा यांच्यात मिलिमीटरभर फट राहिली तरी ती भरून निघू शकते; नुसत्या धातूला हे जड जातं. थर जाड केला तर तडकून सुटतो, आणि त्यात स्फटिकरूप भाग कमी असेल तर लवकर विरघळून जातो.

खरी मेख पुढे आहे. हाड झिजवणाऱ्या पेशी काही वर्षांत एचए खाऊन टाकतात. मग पकड राहते ती खालच्या धातूची. तो गुळगुळीत असेल तर सुरुवातीच्या वेगाचा फारसा उपयोग नाही. म्हणून अनेक दांड्यांवर खाली खरखरीत किंवा सच्छिद्र टायटॅनियम आणि वर एचए असे दोन्ही देतात. गोंधळ वाढतो तो इथेच.

हालचाल मात्र दोन्ही थरांना सोसत नाही. पाऊल टाकताना दांडा 40 मायक्रॉनपर्यंत हलला तर हाड धरतं. 150 मायक्रॉनच्या वर, म्हणजे दोनेक केसांच्या जाडीइतका हलत राहिला, तर मध्ये तंतुमय पापुद्रा तयार होतो. म्हणून माझ्या मते पहिल्या काही आठवड्यांत थरापेक्षा दांडा किती घट्ट बसलाय याला जास्त किंमत आहे.

एचए म्हणजे हमखास सरस, असंही नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या 2010 च्या अभ्यासात एचए दिलेल्या वाट्यांची, म्हणजे कमरेच्या हाडात बसणाऱ्या भागांची (दांड्यांची नव्हे), पुन्हा शस्त्रक्रियेची जोखीम उलट जास्त आढळली.

एक्स-रेवर दोन्हींची परीक्षा सारखीच. दांडा आणि हाड यांच्यात रेघ नसेल आणि थर संपतो तिथे नवं हाड दांड्याला चिकटलेलं दिसत असेल, तर जम बसला आहे. दांड्याभोवती काळी रेघ आणि तिच्या कडेला पांढरी किनार दिसली, तर तिथे हाडाऐवजी बहुधा तो पापुद्रा आहे.