प्रोस्टेटची जुनी सूज: गोळी, काढा आणि कोमट पाणी
(आमच्या मेडिकलच्या गिऱ्हाइकांसाठी)

काउंटरवर बायामाणसं उभी असली की काही गिऱ्हाइकं बाजूला थांबून राहतात. दुकान रिकामं झालं की खिशातून रिकामी स्ट्रिप काढतात आणि हळूच म्हणतात, "काका, मागचीच द्या." स्ट्रिप बहुतेक वेळा सिप्रोफ्लॉक्सासिनची (सिप्रो, जंतू मारणारी अँटिबायोटिक गोळी) असते. त्यांच्यासाठी हे पत्रक.

लघवीला जळजळ, बसलं की अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत ठणका, ओटीपोटात ओढ, संबंधानंतर दुखणं. असा त्रास 3 महिन्यांच्या वर चालला तर डॉक्टर प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या पुरुषांच्या ग्रंथीच्या, जुन्या सुजेचा विचार करतात. म्हातारपणी प्रोस्टेट वाढते, ते दुखणं वेगळं; ही सूज तिशी-चाळिशीतल्या गड्यालाही होते. तिच्यामुळे रक्तातला पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, कॅन्सरच्या शंकेने तपासतात) वाढू शकतो, म्हणून नुसता आकडा पाहून कॅन्सर झाला असं धरू नका. पुढची तपासणी मात्र टाळू नका.

आता मुद्द्याचं. असा त्रास असलेल्या 10 पैकी 9 जणांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत. जंतूच नसतील तर अँटिबायोटिक मारणार कुणाला? म्हणून लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू आहेत का ते पाहायची तपासणी, आधी करा. जंतू निघाले तर डॉक्टर 4 ते 6 आठवड्यांचा कोर्स देतात, तो पुरा करा. चिठ्ठी नसेल तर ही गोळी आम्ही देणार नाही. राग आला तरी चालेल.

टॅमसुलोसिनने लघवीची वाट सैल होते. ती सुरू केल्यावर अंथरुणातून एकदम उठू नका, चक्कर येते. वीर्य कमी येतं किंवा येत नाही, त्याने घाबरू नका, डॉक्टरांना सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. हे कुणी विचारत नाही, म्हणून लिहिलं.

आमच्याकडे आयुर्वेदिक कपाटही आहे, आणि गोखरू, चंद्रप्रभा वटी खपतात हे लपवण्यात अर्थ नाही. पण चंद्रप्रभात लोहभस्म असतं, आणि लोहाबरोबर सिप्रो घेतली तर ती अंगाला नीट लागत नाही. दूध आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचंही तेच. वैद्य आणि डॉक्टर दोघांचं चालू असेल तर दोघांनाही दोन्ही सांगा. किडनीचा त्रास असेल तर भस्माची औषधं मनाने घेऊ नका.

क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलची 1999 साली 30 पुरुषांवर चाचणी झाली होती. रोज 500 मिलिग्रॅम दोनदा, महिनाभर. घेणाऱ्यांपैकी 67 टक्क्यांना बऱ्यापैकी आराम पडला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 20 टक्क्यांना. चाचणी लहान होती, तेव्हा आशा माफक ठेवा. हे द्रव्य कांद्यात असतं खरं, पण भाकरीबरोबर कांदा फोडून तेवढं मिळत नाही! अ‍ॅक्युपंक्चरची, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराची, चाचणी मोठी होती: 440 जण, 8 आठवड्यांत 20 वेळा. 60.6 टक्क्यांना फरक पडला, खोट्या सुया लावलेल्यांत 36.8 टक्क्यांना.

पुष्कळांचं दुखणं ग्रंथीत नसून बैठकीखालच्या स्नायूंत असतं. ते आधीच आवळलेले असतात, आणि मोबाइलवर पाहून केलेल्या आवळण्याच्या व्यायामाने आणखी दुखतात. फिजिओथेरपिस्टकडून ते सैल सोडायला शिका. टबात कमरेपर्यंत कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसा. अंगाला सोसेल एवढंच गरम. मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर लांब चालवायचा असेल तर मध्ये उतरून चार पावलं चाला. उन्हाळ्यात लघवीला जावं लागेल म्हणून पाणी तोडू नका. ठेचा, चहा, दारू यांपैकी कशाने त्रास वाढतो ते आठवडाभर वहीत लिहा. सगळ्यांना सगळं बाधत नाही.

थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, लघवीत रक्त: यातलं काहीही झालं तर आमच्याकडे येऊ नका, सरळ रुग्णालयात जा.

बाकी बोलायचं असेल तर दुपारी 2 ते 4 या वेळात या, गर्दी नसते. घरातल्या सगळ्या गोळ्या आणि काढ्याच्या बाटल्या पिशवीत घालून आणा.