याद्यांमधील सामाईक घटक

दोन याद्यांत कोणकोणते घटक सारखे आहेत हे शोधणे, हा प्रोग्रॅमिंग शिकताना अगदी सुरुवातीला येणारा सराव. गणितात यालाच संचांचा छेद म्हणतात. त्याचे ∩ हे चिन्ह इटालियन गणिती ज्युसेप्पे पेआनो यांनी १८८८ मध्ये वापरले. पण संचात एक घटक एकदाच मोजला जातो, यादीत तो कितीही वेळा येऊ शकतो. खरी गोम इथेच आहे.

समजा, पहिली यादी ४, ७, ७, ७, ९ आणि दुसरी ९, ७, ४, ७ अशी आहे. लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या सूचनेच्या) आत लूप लावून प्रत्येक जोडी तपासली आणि जुळली की छापली, तर ७ सहा वेळा छापला जातो. पहिल्या यादीतला एकेक घटक घेऊन ‘हा दुसरीत आहे का?’ एवढेच विचारले, तर तीनदा. याद्यांची अदलाबदल केली की दोनदा, आणि दोन्हींचे सेट (म्हणजे संच) करून छेद घेतला तर एकदाच. यातले एकही उत्तर सरसकट चूक म्हणता येत नाही. पुनरावृत्ती मोजायची की नाही, हे आधी ठरवलेले नसते इतकेच.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत सेट हा अंगभूत प्रकार २००४ च्या २.४ आवृत्तीपासून आहे आणि दोन सेटच्या मध्ये & हे चिन्ह लिहिले की काम होते. वेगातला फरक मोठा आहे. दहा-दहा हजार घटकांच्या याद्यांसाठी लूपमधल्या लूपला १० कोटी तुलना कराव्या लागतात. सेट हॅशिंगवर, म्हणजे घटकाच्या मूल्यावरून त्याची जागा थेट काढण्याच्या पद्धतीवर, चालत असल्याने साधारण वीस हजार पायऱ्यांत भागते. दहा-वीस घटकांसाठी मात्र हा फरक जाणवतही नाही, त्यामुळे नवशिक्याने आधी लूपच लिहावा हे बरे. सेटमध्ये मूळ क्रम टिकत नाही. छोटे पूर्णांक अनेकदा चढत्या क्रमाने छापले जातात, त्यावर विसंबू नये.

उत्तर रिकामे आले, तर दोष बहुधा तर्कात नसून डेटात असतो. वापरकर्त्याने टाइप केलेला ७ हा मजकूर असतो, संख्या नव्हे, त्यामुळे तो ७ या संख्येशी जुळत नाही. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोळ घालते. उलट १ आणि १.० पायथनला सारखेच वाटतात. यादीचे घटक स्वतःच याद्या असतील, तर त्यांचा सेट बनत नाही, थेट एरर येते. तेव्हा त्यांचे आधी टपल, म्हणजे बदलता न येणारी यादी, करावे लागते.