माणा

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील भोटिया या हिमालयी जमातीच्या लोकांचे गाव. बद्रीनाथपासून सु. ३ किमी. पुढे, सरस्वती नदीच्या काठी, सु. ३,२०० मी. उंचीवर ते वसले आहे. गावाच्या खालच्या अंगाला केशवप्रयाग येथे सरस्वती अलकनंदेला मिळते. तिबेटकडे जाणाऱ्या माणा खिंडीच्या वाटेवरची ही शेवटची वस्ती. वेशीवरच्या पाटीवर पूर्वी ‘भारतातील शेवटचे गाव’ असे लिहिलेले होते. २०२३ मध्ये ते ‘पहिले गाव’ झाले. यात्रेकरू व्यास गुंफा, गणेश गुंफा आणि नदीवर आडवी पडलेली प्रचंड शिळा, म्हणजे भीमपूल, एवढे पाहून परततात. गाव समजून घ्यायचे तर मात्र लोकरीपासून सुरुवात करावी लागते.

येथील भोटिया स्वतःला मारछा म्हणवतात. शेती जेमतेम : बटाटा, फाफर व ओगल (कुट्टूचे प्रकार) आणि थोड्या औषधी वनस्पती. पोट भरत होते ते व्यापारावर. उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या गोण्या लादून पुरुष खिंडीपलीकडे जात. धान्य, गूळ, कापड देऊन मीठ, टाकणखार आणि लोकर आणत. १९६२ च्या चीन युद्धानंतर ही वाट बंद झाली आणि कच्चा माल व बाजार दोन्ही एकदम गेले. १९६७ मध्ये भोटियांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. नोकऱ्या मिळू लागल्या, तसे कळप आटले.

विणकाम बायकांचे. सूतकताई मात्र पुरुषही करतात, कळपामागे चालता चालता, हातातली टकळी न थांबवता. मागाची रुंदी कमी असल्याने जाड कापडांच्या पट्ट्या कडेने शिवून जोडतात. पंखी ही पातळ शाल. थुलमा म्हणजे एका बाजूने लव काढलेले पांघरूण. चुटका त्याहून जड, अंगावर घेतला की कूस बदलताना जाणवावा असा. दन हा गाठी मारून विणलेला गालिचा. त्यावरच्या नक्षीत तिबेटी वळण स्पष्ट आहे. भोटिया दन आणि थुलमा या दोहोंना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात ओट्याओट्यांवर टोप्या, मोजे आणि शाली मांडलेल्या असतात. त्यांत गिरणीचा मालही मिसळलेला असतो, म्हणून घेणाऱ्याने कापड उलटून धागा पाहावा. हाताने कातलेले सूत कुठे जाड, कुठे बारीक असतेच.

गाव वर्षभर नांदत नाही. बद्रीनाथाची कपाटे (मंदिराची दारे) हिवाळ्यासाठी बंद होण्याच्या सुमारास घरांना कुलपे लागतात आणि कुटुंबे गोपेश्वरजवळच्या घिंघराणसारख्या खालच्या गावांत उतरतात. मागे उरतात ते सीमेवरचे जवान आणि रस्त्यावरचे मजूर. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी गावाजवळच्या मजूर छावणीवर हिमकडा कोसळून आठ जण दगावले, ते याच ओसाड काळात.

गाव उतरण्याआधी एक काम उरकायचे असते. माणाच्या कुमारिका लोकर कातून एका दिवसात एक कांबळे विणतात. ते तुपात भिजवून, कपाटे मिटताना बद्रीनाथाच्या मूर्तीभोवती गुंडाळतात. याला घृत कंबल म्हणतात. त्याच विधीत केरळहून आलेला नंबुद्री रावळ (मुख्य पुजारी) स्त्रीवेष धारण करून लक्ष्मीची मूर्ती गाभाऱ्यात नेतो, कारण परपुरुषाने देवीला स्पर्श करू नये. पुढचे सहा महिने देव त्याच कांबळ्यात. वसंतात दारे उघडली की ते उतरवून प्रसाद म्हणून वाटतात. वाटण्याआधी जाणती माणसे त्यावरचे तूप निरखतात : ओलसर राहिले असेल तर साल बरे जाणार, सुकले असेल तर पावसाची चिंता.