नको असलेल्या आवाजांचा इतिहास

19 मे 1942 ची रात्र. लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या ऑक्स्टेडजवळच्या एका बागेत बीबीसीची माणसं माइक लावून बसली होती. मे महिन्यात या बागेतून नाइटिंगेल पक्ष्याचं गाणं थेट रेडिओवर ऐकवायचं, हा त्यांचा 1924 पासूनचा रिवाज. (नाइटिंगेलला मराठीत 'बुलबुल' करून टाकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. तो बुलबुल नव्हे.) पक्षी गाऊ लागला आणि त्याच्या मागून घरघर यायला लागली. आधी बारीक, मग वाढत वाढत आभाळ भरून टाकणारी. जर्मनीतल्या मानहाइम शहरावर बॉम्ब टाकायला निघालेल्या 197 विमानांचा तो ताफा होता. हा आवाज रेडिओवर गेला तर शत्रूला आयती वर्दी मिळेल, हे तंत्रज्ञाच्या ध्यानात आलं आणि त्याने प्रक्षेपण तोडलं. ध्वनिमुद्रण मात्र चालूच राहिलं. त्या मोहिमेतली 11 विमानं परत आली नाहीत. तबकडीवर विमानंही आहेत आणि पक्षीही. पक्षी एकदाही थांबलेला नाही.

आसपासचे आवाज कलेसारखे ऐकायचे, आणि त्यांना आयत्या वेळी सुचेल तो जबाब द्यायचा, या गेल्या शंभरेक वर्षांतल्या खटाटोपाची गोष्ट सांगायला ही तबकडी मला सर्वांत सोयीची वाटते. कान निवड करतो, माइकला ती करता येत नाही. या इतिहासातली बहुतेक महत्त्वाची वळणं अशाच एखाद्या न बोलावलेल्या आवाजाने घेतलेली आहेत.

आता त्याच बागेतलं 1924 साल. बाग बिअट्रिस हॅरिसन या चेलोवादक बाईंची. उन्हाळ्याच्या रात्री बागेत सराव करताना झाडीतला नाइटिंगेल आपल्या सुरांना साथ देतो, असं त्यांच्या लक्षात आलं. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ सुरुवातीला राजी नव्हते. पक्षी काही ठरल्या वेळेला गाणार नाही, ही त्यांची अडचण रास्तच होती. झालंही तसंच. बाई वाजवत राहिल्या, पक्षी गप्प. कार्यक्रम संपायला जेमतेम पाव तास उरला तेव्हा तो गायला लागला. बीबीसीच्या बाहेरच्या जागेवरून झालेल्या सुरुवातीच्या थेट प्रक्षेपणांपैकी ते एक. पक्षी ऐन वेळी दगा देईल म्हणून शिट्टीवर आवाज काढणारं माणूस आणून ठेवलं होतं, अशी शंका अलीकडे काढली गेली आहे. त्या वादात मी पडत नाही. गंमत अशी की शंका खरी असली तरी मुद्दा बदलत नाही: समोरून काय येईल हे माहीत नसताना वाजवत बसायचं, ही बैठक तिथे पहिल्यांदा लाखो घरांत पोचली.

पक्ष्याचा आवाज यंत्रात पकडायची धडपड त्याहून जुनी. 1889 मध्ये फ्रँकफुर्टमध्ये लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी दिलेल्या एडिसनच्या फोनोग्राफवर पिंजऱ्यातल्या एका पक्ष्याचं गाणं मेणाच्या नळकांड्यावर उतरवलं. पक्ष्याचं हे सर्वांत जुनं माहीत असलेलं ध्वनिमुद्रण. आणि तो पक्षी होता भारतातला शामा, आपल्या सह्याद्रीच्या रानांतही शीळ घालणारा. कोख पुढे नाझींच्या धाकाने इंग्लंडला गेले आणि बीबीसीवर पक्ष्यांचे आवाज ऐकवून घरोघरी माहीत झाले.

यंत्र यायच्या आधी माणसं हे आवाज ऐकत नव्हती असं नाही. देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात मोर षड्ज लावतो, चातक ऋषभ, बोकड गंधार, क्रौंच मध्यम, कोकिळ पंचम, बेडूक धैवत आणि हत्ती निषाद, अशी वाटणी आहे. शेतकऱ्याला पावशा 'पेर्ते व्हा' म्हणताना ऐकू येतो. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी त्याच नावाच्या पक्ष्याच्या बोलीवरून भविष्य सांगतो. पण या तिन्ही ठिकाणी कान निवड करतो आहे. मोराच्या केकारवातला षड्ज घेतला आणि बाकीचा मोर सोडून दिला. तो 'बाकीचा मोर' विसाव्या शतकापर्यंत कुणाला नको होता.

तो हवा असं म्हणणारा पहिला गडी इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो. मार्च 1913 मधल्या त्याच्या जाहीर पत्राचं नावच 'गोंगाटाची कला' असं होतं. त्याने गुरगुरणारी, खडखडणारी, कर्ण्याची पेटारेवजा यंत्रं बांधली आणि 1914 मध्ये मिलानच्या नाट्यगृहात वाजवली. श्रोत्यांनी दंगा केला. पण रुसोलो गोंगाट नव्याने बनवत होता, असलेला ऐकत नव्हता. ते काम 1948 मध्ये पॅरिसच्या रेडिओतला अभियंता पियेर शेफर याने केलं. बातिन्योल स्थानकात वाफेच्या इंजिनांचे आवाज टिपून त्याने ते तबकड्यांवर तुकड्या-तुकड्यांनी जोडले. तबकडीची रेघ स्वतःशीच जुळली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. दहा-वीस वेळा ऐकलं की इंजिन विसरलं जातं आणि नुसता नाद उरतो, हे त्याचं निरीक्षण.

अमेरिकन संगीतकार जॉन केजबद्दल फार लिहिलं गेलं आहे. त्यातला आपल्या बाजूचा धागा तेवढा उचलतो. 1946 मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीत आपल्या संगीतावर काय परिणाम करतंय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. केजने त्यांना आपल्याकडचं शिकवलं, त्यांनी त्याला भारतीय संगीताची ओळख करून दिली. पैशांची देवघेव नाही. संगीत कशासाठी, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या गुरूचं उत्तर सांगितलं: मन शांत, स्थिर व्हावं आणि दैवी प्रभावासाठी मोकळं व्हावं म्हणून. हे उत्तर केज जन्मभर सांगत राहिला. 1951 च्या सुमारास तो हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रतिध्वनीरहित खोलीत शिरला. तिथे संपूर्ण शांतता मिळेल अशी अपेक्षा होती, मिळाले दोन आवाज, एक उंच आणि एक खालचा. उंच आवाज मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा, असं तिथल्या अभियंत्याने त्याला सांगितल्याचं तो म्हणायचा. (मज्जासंस्था ऐकू येते यावर डॉक्टर मंडळी बहुधा मान हलवतील. कानात नेहमीचा सूं आवाज असावा.) त्यातून 29 ऑगस्ट 1952 ला वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात त्याची '4 मिनिटं 33 सेकंद' ही गाजलेली रचना सादर झाली. डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला आणि त्याने एकही सूर छेडला नाही. सभागृह जंगलाच्या बाजूने उघडं होतं. आधी झाडांतला वारा, मग छपरावर पावसाचे थेंब, शेवटी उठून चाललेल्या लोकांची कुजबुज.

इथे एक गाठ आहे, ती सहसा सांगितली जात नाही. केजला उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, नको होतं. वादक सुचेल तसं वाजवू लागला की त्याची आवड आणि सवयच बाहेर येते, ही त्याची तक्रार. रियाज केलेल्या कुणालाही ती मनातून पटेल; तीच तान बोटांत बसलेली असते. 1977 मध्ये त्याने यावर तोडगा काढला तो शंखांचा. 'इनलेट्स' या रचनेत मोठ्या शंखांत पाणी भरायचं आणि ते हलके कलते करायचे. पाणी कधी गुडगुडेल हे वाजवणाऱ्याच्या हातात नसतं. कितीही प्रयत्न केला तरी ठरवून आवाज निघत नाही. ही उपज त्याला चालली.

केजला जे कोड्यासारखं अडलं, ते पॉलिन ऑलिव्हेरोसला तितकंसं अडलं नाही, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मध्यवर्ती माणूस तीच. टेक्सासमधल्या ह्यूस्टनची, 1932 चा जन्म, वाद्य अकॉर्डियन. 1953 मध्ये आईने तिला टेपरेकॉर्डर भेट दिला. तिने माइक खिडकीत ठेवला, मुद्रण केलं आणि मग टेप ऐकली. खिडकीशी बसूनही आपण न ऐकलेले कितीतरी आवाज त्यात होते. सगळं ऐकायचं, सतत ऐकायचं, आणि ऐकत नसलो की स्वतःला आठवण करून द्यायची, असा नेम तिने तेव्हापासून लावून घेतला. वाटतो तितका सोपा नाही. पाच मिनिटं करून पाहावा.

त्याच दशकात, 1957 च्या आसपास, टेरी रायली आणि लॉरेन रश या संगीतकारांसोबत तिने कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ केंद्रात काहीच न ठरवता वाजवायला सुरुवात केली. निमित्त होतं रायलीला एका लघुपटासाठी हव्या असलेल्या संगीताचं. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली: आधी बोलून ठरवलं की वादन फसतं, आधी वाजवायचं, मग टेप ऐकायची, मग बोलायचं, असं केलं की जमतं. म्हणजे तालीम झाली ती ऐकण्याची.

मे 1970 मध्ये ती शिकवत होती त्या सॅन दिएगोच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतलं. त्या काळात ऑलिव्हेरोस जाहीर कार्यक्रमांपासून मागे सरली आणि एकेक सूर दीर्घकाळ धरून बसू लागली. काही स्त्रियांना घेऊन तिने नियमित बैठका सुरू केल्या. त्यातून 1971 पासून 'सोनिक मेडिटेशन्स' तयार झाली. त्यांत स्वरलिपी नाही, फक्त सूचना आहेत. एक अशी: रात्री फिरायला जा आणि इतक्या हलक्या पावलांनी चाला की तळपायांचे कान होतील.

मग ऑक्टोबर 1988. वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वॉर्डन या जुन्या लष्करी ठाण्यात जमिनीखाली 14 फुटांवर पाण्याची भलीमोठी रिकामी टाकी आहे. क्षमता 20 लाख गॅलन. आत एक सूर काढला तर तो विरायला 45 सेकंद लागतात. ऑलिव्हेरोस, ट्रॉम्बोनवादक स्टुअर्ट डेम्पस्टर आणि गायक पानायोटिस खाली उतरले. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवून पाहणाऱ्यांना थोडी कल्पना येईल, पण तिथे प्रतिध्वनी मोजता येतात. इथे मूळ सूर कुठे संपला आणि टाकीचा कुठे सुरू झाला हेच कळत नाही. आपण सोडलेला सूर पाऊण मिनिट अंगावर येत राहतो, तेव्हा घाई करून चालत नाही. टाकी हा चौथा वादक. या वादनाच्या तबकडीचं नाव 'डीप लिसनिंग' पडलं ते निम्मं कोटी म्हणून, जमिनीच्या खोलीवरून. पुढे त्याच नावाची शिबिरं आणि संस्था झाली.

इंग्लंडमध्ये 1965 मध्ये लंडनला जमलेल्या एएमएम या गटाने वेगळी वाट धरली. कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवायचा आणि शेजारी ट्रान्झिस्टर. वादनाच्या मध्येच ट्रान्झिस्टर लावायचा, जे केंद्र लागेल ते लागेल. बातम्या, नाचगाणी, खरखर. बाकीच्यांनी त्यालाही वादक समजून वाजवायचं. गिटारवादक डेरेक बेलीने 1980 मध्ये उपजेवर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवात भारतीय संगीतापासून केली. आपल्याकडची उपज रागाच्या चौकटीतली. या मंडळींनी चौकटच काढून टाकली. आपल्या कानांना ते अर्धवट वाटतं, हे मान्य करायला हरकत नाही.

जपानच्या ताकेहिसा कोसुगीने 1969 मध्ये गट काढला तोच 'ताजमहाल ट्रॅव्हलर्स' नावाचा. ही मंडळी समुद्रकिनाऱ्यावर तासन्‌तास वाजवत आणि लाटांना तालाचं ओझं देत नसत. 1971-72 मध्ये युरोपातून एका व्हॅनने वाटेत वाजवत वाजवत खरोखरच ताजमहालापर्यंत आली.

'साउंडस्केप', म्हणजे एखाद्या जागेचं आवाजांनी बनलेलं चित्र, हा शब्द जगभर रुजवला तो कॅनडाचा संगीतकार आर. मरी शेफर याने (पॅरिसचा शेफर वेगळा). व्हँकूवरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात त्याने 1970 च्या आगेमागे आवाजांची पाहणी करणारा प्रकल्प उभारला. 1973 मध्ये व्हँकूवर शहराचा, 1975 मध्ये स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंडमधल्या पाच गावांचा अभ्यास झाला. 1977 मध्ये ग्रंथ आला. त्याची वर्गवारी कामाची आहे. तानपुऱ्याच्या षड्जासारखा सतत मागे असलेला आवाज, लक्ष वेधून घेणारा आवाज, आणि एखाद्या जागेची ओळखच असलेला आवाज. या तिसऱ्याला आपण ध्वनिखूण म्हणू. व्हँकूवरमध्ये रात्री नऊची तोफ. मुंबईच्या गिरणगावात गिरणीचा भोंगा, जो 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद होत गेला.

शेफरची अडचण अशी की त्याला पुन्हा निवड करायची होती. गावाचा आवाज स्वच्छ, शहराचा गढूळ. यंत्रांचा गोंगाट हटवा, निसर्ग राखा. याला उत्तर न्यूयॉर्कच्या मॅक्स न्यूहाउसकडून आलं. 1966 मध्ये हा तालवादक लोकांना जमवून त्यांच्या हातावर 'ऐका' असा शिक्का मारायचा आणि वाद्यांऐवजी मॅनहॅटनच्या वीजकेंद्राच्या घरघरीपाशी घेऊन जायचा. 1974 मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये गोंगाटविरोधी प्रचाराविरुद्धच लेख लिहिला: आवाजाची भीती घालून तुम्ही लोकांचे कान बंद करताय. गणपतीत डीजेच्या भिंतीखाली राहणाऱ्याला हे ऐकवू नये, पण मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

शेफरच्याच गटातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकँपने यातून सर्वांत प्रामाणिक वाट काढली, असं मला वाटतं. 1989 च्या एका रचनेत ती व्हँकूवरच्या किनाऱ्यावर उभी राहून खडकाला चिकटलेल्या बार्नेकल या कवचधारी जीवांची बारीक टिकटिक ऐकवते आणि मागे शहर गुरगुरत असतं. मग ती श्रोत्याला सांगते की स्टुडिओत शहर काढून टाकता येतं, आणि आपल्या कानांदेखत काढून दाखवते. निवड आहे, पण उघड. 1992 मध्ये ती दिल्लीला कार्यशाळा घ्यायला आली, पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्यांपासून तिने रचना केल्या.

निवड न करणाऱ्या माइकचा सर्वांत कडू उपयोग बर्नी क्राउझने केला. मूळचा सिंथेसायझर वाजवणारा हा माणूस 1988 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या लिंकन मेडो या कुरणात पहाटेचे आवाज टिपायला गेला. तिथे लवकरच निवडक वृक्षतोड होणार होती. मधली झाडं काढली तर रानाला काही होणार नाही, असं लाकूड कंपनीचं म्हणणं. वर्षभराने तो त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच जागी गेला. फोटो काढले तर खरंच काही फरक दिसत नव्हता. टेपवर ओढ्याचं पाणी होतं आणि एका सुतारपक्ष्याची टकटक.